मालकांचा सकाळचा प्रश्न

आमच्या टॉवेलच्या कारखान्याचे मालक रोज सकाळी सूतगोदामाच्या दारात चपला काढून आत येत. गोदामात देव नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला एक कोनाडा आणि त्यात तेवणारी लहानशी समई, एवढेच होते. परंतु मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला शिरस्ता असा होता की सूत हेच आपले अन्न. त्याच्या घरात पायताण घालून जायचे नाही. आत आले की मालक माझ्या खुर्चीशेजारच्या बाकावर मांडी घालून बसत, डोळे मिटत आणि म्हणत, “बोला शास्त्रीबुवा, काय आहे?”

मग मी सांगू लागे. डाळिंबी किती पेट्या, मोरपंखी किती, शेवाळी, हळदी, राखाडी किती. कोणते सूत कोणत्या वेळच्या रंगाईचे, कोणते जाड, कोणते बारीक. तरुणपणी पाठशाळेत गुरुजींनी पाठांतराची जी शिस्त अंगात मुरवली होती, तिचा उपयोग पुढे पोटासाठी असा झाला. संहिता म्हणताना स्वर चुकला तर गुरुजी नुसती मान वर करीत. मालक तसे नव्हते, कारण त्यांना मान वर करण्याची वेळच आली नाही. मी थांबलो की ते डोळे उघडत, क्षणभर विचार करीत आणि त्या दिवशीचा कारखाना ठरवीत: कोणत्या मागावर कोणता माल चढवायचा, कोणत्या गिऱ्हाइकाला होकार द्यायचा, कोणाला गोड बोलून थांबवायचे. सोलापुरात इतके कारखाने आहेत. परंतु मालकाने सकाळी गोदामवाल्यापुढे डोळे मिटून बसावे असा मान दुसऱ्या कोणाला मिळाला असेल असे मला वाटत नाही. पूजा आटोपून मी घरून निघालो की पावले आपोआप भराभर पडत.

तो मान गेला कसा, ते सांगतो.

मालकांची सून अक्कलकोटकडच्या व्यापारी घराण्यातली. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि शिक्षणाने अभियंता. तिने घरात पाऊल टाकल्यावर वर्षभर कारखाना नुसता पाहिला. मग एके दिवशी सासऱ्यांना सांगून तिने संगणकावरची ती व्यवस्था आणवली. तिचे नाव ईआरपी. आमचे कामगार तिला नुसते ‘सिस्टीम’ म्हणत आणि पुढे मीही तेच म्हणू लागलो.

न्यायाने बोलायचे तर ती आणण्याला कारण होते. पूर्वी कारखान्यात प्रत्येक खाते म्हणजे एक स्वतंत्र गाव होते. खरेदीवाल्याला माझ्या मागच्या मांडणीवर काय पडून आहे याची वार्ता नसे. तेच सूत तो पुन्हा मागवी. रंगाईवाला आपल्या अंदाजाने कढईत सूत टाकी. विक्रीचा माणूस गिऱ्हाइकाला तारीख देई ती गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून. मागावर जागा आहे की नाही, हे तो नंतर विचारी. शिलाईच्या बायका दुपारपर्यंत हात बांधून बसत आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे ढीग येऊन पडे. या सगळ्या गावांना जोडणारी वाट म्हणजे मालकांचे एकट्याचे डोके, आणि त्या डोक्याला सकाळचा शिधा देणारा मी. ही रचना मला सर्वस्वी योग्य वाटत असे. तिच्यात माझे स्थान उत्तम होते.

सिस्टीम आली तेव्हा पहिली मोजणी झाली. प्रत्येक पेटीवर काळ्या रेघांची चिठ्ठी चिकटली. पिस्तुलासारखे एक यंत्र त्या रेघांवर धरले की ‘टीं’ असा आवाज होई आणि पेटी नोंदली जाई. मी शेजारी उभा राहून प्रत्येक रंगाचे नाव सांगत होतो. माझ्या हळदीला तेथे एक अक्षर आणि काही आकडे मिळाले. सूनबाई म्हणाल्या, “काका, तुमची नावंसुद्धा पुढे लिहिते हं मी,” आणि त्यांनी खरोखरच लिहिली. तेव्हा मला ते सौजन्य वाटले. या सिस्टीमच्या रूपाने आपण कोणाला घरात घेत आहोत हे कळायला पुढे काही आठवडे लागले.

एका सकाळी समईत तेल घालून मी बाक पुसून ठेवला होता. मालकांची गाडी फाटकातून आत आली. ते उतरले, गोदामाच्या दिशेने चार पावले आले, थबकले आणि चपलांसकट सरळ जिना चढून वरच्या कचेरीत गेले. वर बोलावले असेल असे समजून मी जिन्याशी जाऊन उभा राहिलो. वरून त्यांचा आवाज ऐकू आला. तोच सूर, तीच जरा लांबवलेली सुरुवात.

“बोल गं पोरी, काय आहे?”

आणि सूनबाई पडद्यावर पाहून सांगू लागल्या.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. पत्नीने कारण विचारले. मी सांगितले. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “म्हणजे या वयात तुम्हाला सवत आली म्हणायची.”

“थट्टा करू नको.”

“थट्टा कशाला? अहो, सवतीला निदान भांडता तरी येतं. ही तर बोलतसुद्धा नाही बाई.”

ती हसली; मला हसू आले नाही. कारण तिने नेमके तेच म्हटले होते. मत्सर हा शब्द सहा शत्रूंच्या नावांत मी लहानपणापासून शेवटी म्हणत आलो होतो, आणि माझी अशी समजूत होती की तो सावकार, पुढारी आणि गवई यांना होतो. एका पडद्याचा आपल्याला मत्सर होईल, हे कोणी सांगितले असते तर मी कानांवर हात ठेवले असते. आता संध्येला बसलो, डोळे मिटले, की इष्टदेवतेच्या ठिकाणी तो निळसर उजेडाचा चौकोन उभा राही. मी त्याला बाजूला सारी; तो पुन्हा येई. जपमाळेचे मणी पुढे सरकत आणि मन मात्र हिशेब करीत असे की आज त्याने शेवाळी बरोबर सांगितली असेल का.

मी त्याच्या चुकीची वाट पाहू लागलो. निमित्त काढून वर जाई आणि सहज विचारल्यासारखे विचारी, “सूनबाई, राखाडी बारीक सूत किती दाखवते तुमची सिस्टीम?” त्या सांगत. बरोबर असे. “आणि मागच्या रंगाईतले?” तेही बरोबर असे. त्या बिचाऱ्यांना वाटे, काका किती उत्सुकतेने शिकत आहेत. त्या माझ्यासाठी चहा मागवीत. तो चहा मला गोड लागत नसे. वीज गेली की मनात लबाड आनंद उसळे, आणि बॅटरीवर पडदा तसाच तेवत राहिलेला दिसला की तो विझे.

सर्वांत जास्त झोंबे ते हे की कारखान्याचे खरोखरच भले होत होते. खरेदीवाला आता पडून असलेले सूत पुन्हा मागवू शकत नव्हता. सिस्टीम त्याला आधी तेच दाखवी. ‘मागची मांडणी आधी पाहा’ हे मी त्याला आयुष्यभर सांगत आलो होतो. मी सांगत होतो तेव्हा ती म्हाताऱ्याची कटकट होती. पडद्याने सांगितले तेव्हा ती शिस्त झाली. गिऱ्हाइकाचा फोन आला, माझा माल कोठवर आला असे त्याने विचारले, की सूनबाई फोन कानाला असतानाच सांगत: विणून झाला, शिलाईत आहे, परवा निघेल. आणि तो परवा निघे. पूर्वी दिवाळीआधी मालकांचा रक्तदाब वाढे, घरचे लोक काळजीत असत. त्या वर्षी ते दुपारी कचेरीत पान खाऊन पाठ टेकताना मी काचेतून पाहिले. माझ्या मालकांना शांत झोप लागली, आणि ती माझ्यामुळे नव्हती. ईश्वर साक्षी आहे, मला ते पाहवले नाही.

मग डाळिंबीचा प्रसंग आला.

आमच्या गोदामात आणखी एक रिवाज होता आणि तोही मालकांच्या वडिलांनीच लावलेला. कोणत्याही रंगाची मांडणी पूर्ण रिकामी करायची नाही. शेवटची पेटी कोणालाही द्यायची नाही. आपल्या घरी तांदळाचा डबा आपण तळापर्यंत खरवडत नाही, मूठभर राखूनच नवे भरतो, तसेच हे. जुन्या लोकांना हे माहीत होते, म्हणून शेवटची पेटी कोणी मागतच नसे. मोजणीच्या वेळी मी त्याही पेट्या प्रामाणिकपणे मोजून दिल्या. त्या द्यायच्या नसतात, हे सूनबाईंना सांगावे असे माझ्या मनातही आले नाही. घरात आलेल्या नव्या माणसाला आपण पाणी प्यायचे असते हे सांगत नाही, त्यातलाच तो प्रकार. परिणाम असा झाला की प्रत्येक मांडणीवरची ती एक पेटी सिस्टीम हाताशी असलेला माल म्हणून धरून चालली होती, आणि मी ती देवाघरची म्हणून.

एका हॉटेलवाल्याला डाळिंबी टर्किश टॉवेल हवे होते. पडद्यावर सूत पुरेसे दिसत होते. सूनबाईंनी तारीख दिली. काम शेवटाला आले आणि आमचा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुख्य विणकर, धावत गोदामात आला. तो तेलुगू विणकर घराण्यातला. मला ‘सामी’ म्हणे.

“सामी, डाळिंबी द्या की लवकर. माग उभा हाय.”

“नाही देता येत.”

“अवो, वर पडद्यावर हाय म्हणत्यात!”

“आहे. पण शेवटची आहे.”

“शेवटची हाय म्हणून तर पळत आलो! पहिली असती तर चालत आलो असतो की!”

“मोठ्या मालकांचा रिवाज तुला ठाऊक आहे.”

“रिवाज ठाऊक हाय, सामी. पर तेव्हा तारीख पाळत कोण हुतं?”

मी पेटीपुढे उभा राहिलो. गडबड ऐकून सूनबाई खाली आल्या. हातात ती लहान पाटी होती, जिच्यावर सिस्टीम दिसते.

“काका, एक पेटी दिसतेय इथे.”

“दिसते, कारण ती आहे.”

“मग?”

“ती द्यायची नसते.”

त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच गोंधळ उमटला आणि माझ्या मनात जे उमटले त्याला विजय याखेरीज दुसरे नाव नाही. पडदा चुकला होता. एकाच रंगात चुकला होता असेही नाही. प्रत्येक मांडणीवर तो एकेका पेटीने खोटा होता. मी तसा शांतपणेच उभा होतो, परंतु आतून कोणीतरी घंटा वाजवीत होते.

तेवढ्यात मालक आले. दारात थांबले, खाली वाकून चपला काढल्या. इतक्या महिन्यांनी त्या चपला त्या दारात पाहून माझा जीव सुपाएवढा झाला. मी बाकाकडे हात केला. ते बसले नाहीत.

“काय झालंय?”

जॉबरने सांगितले, मी सांगितले, सूनबाईंनी सांगितले. मालक समईकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वडलांचा शब्द हाय, शास्त्रीबुवा. तुमचं बरोबर हाय.”

मी मान लववली. आता पडदा गेला, उद्यापासून बाक पुन्हा भरणार, अशी माझी खात्री झाली. आणि मालक त्याच श्वासात सुनेला म्हणाले, “मग आता काय करायचं गं?”

मी तेथेच होतो. बरोबर ठरलेला होतो. आणि तरीही प्रश्न तिलाच गेला.

सूनबाई माझ्याकडे वळल्या. “काका, रिवाज कळला. पण मोठ्या आजोबांनी तो का लावला असेल? नुसतं शुभ म्हणून की आणखी काही?”

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी विचार करून सांगितले. नव्या रंगाईचा डाळिंबी जुन्या डाळिंबीशी तंतोतंत जुळत नाही. टॉवेल शिलाईत खराब झाला, किंवा गिऱ्हाइकाने मागाहून थोडे आणखी मागितले, तर त्याच रंगाईचे सूत हाताशी लागते. आणि रंगाईहून नवे सूत येईपर्यंत माग उपाशी राहू नये म्हणूनही.

त्या ऐकत असताना त्यांचे डोळे चमकू लागले, आणि मला धोका जाणवला.

“म्हणजे आजोबांचं अगदी बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. “चूक एवढीच, की हे सिस्टीमला कोणी सांगितलंच नाही. मामा, सोपं आहे.” सासऱ्यांना त्या मामा म्हणत. “कोणत्या रंगाचं किती राखायचं ते काकांनी सांगावं. तेवढं ती मोजेल, पण कोणाला देऊ करणार नाही. आणि मांडणी तिथवर उतरायच्या आधीच रंगाईला निरोप जाईल, की नवं सूत रंगवायला घ्या.”

“आज?” जॉबरने विचारले. “माझा माग आज उभा हाय.”

मालकांनी स्वतः पेटी फोडली. आतला सुताचा एक कोन, म्हणजे निमुळत्या नळीवर गुंडाळलेले सूत, काढून मांडणीवर परत ठेवला, हात जोडले आणि पेटी जॉबरकडे ढकलली. “घिऊन जा. वडील मला रागावतील, तुला न्हाय.”

त्या दिवसापासून दुपारी सूनबाई माझ्या खुर्चीसमोर बसू लागल्या. मी सांगे, त्या नोंदवीत. हळदी जास्त राखा, लग्नसराईत अचानक मागणी येते. राखाडी कमी चालेल, ती कोणीही रंगवतो. मोरपंखीला रंगाई अवघड आहे, तिचा निरोप लवकर जाऊ द्या. प्रत्येक वाक्य सांगताना मला असे वाटे की आपलेच दागिने आपण एकेक करून सवतीच्या अंगावर घालीत आहोत. काही गोष्टी ठेवून घ्याव्यात असा मोह झाला. त्या न सांगता राहिल्या असत्या, तर पडदा कधीतरी पुन्हा अडला असता आणि पुन्हा कोणीतरी चपला काढून आत आले असते. परंतु विद्या मागणाऱ्याला अर्धी देणे हे पाप आहे, या संस्कारात माझी हाडे वाढली आहेत. मी सगळे दिले. आनंदाने दिले असे म्हणणार नाही.

आणि ती सवत त्या दागिन्यांत शोभली. पुढे कोणतीही मांडणी रिकामी झाली नाही. मलाही पूर्वी कधी कधी मालकांच्या एखाद्या जुन्या स्नेह्यासाठी शेवटच्या पेटीतले चार कोन काढावे लागत. सिस्टीमला स्नेही नव्हते. मोठ्या मालकांचा रिवाज ती माझ्यापेक्षा अधिक निष्ठेने पाळू लागली. त्या हॉटेलवाल्याने आपल्या दुसऱ्या गावच्या हॉटेलांचेही टॉवेल आमच्याकडे दिले. मालक सगळ्यांना पेढे वाटत गोदामात आले. मला दोन दिले आणि म्हणाले, “ही तुमची कमाई हाय, शास्त्रीबुवा.” बाकावर बसले मात्र नाहीत, लगेच पुढे गेले. पेढा जिभेवर असताना मी तो रिकामा बाक पाहत होतो.

एका दुपारी सूनबाई गप्प होत्या. मी विचारले, बरे नाही का.

“तसं नाही हो काका. मामा आता मलाही विचारत नाहीत.”

“म्हणजे?”

“मी त्यांच्या मोबाईलवर सगळं दिसेल असं करून दिलं ना. सकाळी घरी चहा पितानाच बघून घेतात. मी वर जाऊन बसते, आणि ते आले की नुसतं ‘पाहिलं गं’ म्हणतात.” त्या हसल्या, पण ते हसू ओठांच्या कडेलाच राहिले. “मला सवय झाली होती त्या ‘काय आहे’ची.”

खरे सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा गार वाऱ्याची झुळूक आली. तिचेही गेले! मग माझी मलाच लाज वाटली, आणि मी त्यांच्यासाठी चहा मागवला. तो चहा आम्ही दोघे जण मिळून प्यायलो. एकाच घरातून बाहेर बसवलेल्या दोघांसारखे आम्ही त्या दुपारी होतो. परंतु माझा मत्सर तेवढ्याने निवला नाही. त्याला राहायला नवे घर मिळाले, इतकेच.

ते घर मी पुढच्या सोमवारी पाहिले. सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन मी तळ्याकाठच्या कट्ट्यावर आलो, तर पायऱ्यांवर मालक बसलेले. कपाळाला ताजे भस्म, मांडी घातलेली, आणि हातात मोबाईल. त्यांचे ओठ हळूहळू हलत होते. जवळ गेल्यावर कानांवर आले: डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, हळदी. सूनबाईंनी यादी माझ्याच क्रमाने ठेवली होती. मालक ती वाचत होते, की वाचता वाचता म्हणत होते, हे मला ठरवता आले नाही. डोळे मात्र उघडे होते.

माझी सावली पडताच त्यांनी मोबाईल झटकन सदऱ्याच्या खिशात टाकला. देवळात तंबाखू मळताना कोणी पाहावे तशी त्यांची मुद्रा झाली.

“या, या शास्त्रीबुवा. बसा की.” ते सरकले.

मी बसलो. त्यांनी गुडघ्याची विचारपूस केली, तळ्याचे पाणी यंदा लई खाली गेले असे म्हणाले, पत्नीचा मोतीबिंदू कधी काढायचा ते विचारले. बरेच काही विचारले. प्रत्येक प्रश्नानंतर मी उत्तर देऊन थांबे, कारण सकाळची वेळ होती, ते शेजारी होते, आणि सगळा साठा मला त्या क्षणीही मुखोद्गत होता. ते तळ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या खिशाच्या पातळ कापडातून मोबाईलचा उजेड अजून दिसत होता, आणि तो मालवेपर्यंत मला दुसरीकडे पाहता आले नाही.